ब्रह्मचारी नवऱ्याची बायको: युनिस चॅपमन प्रकरण

१८१४ च्या ऑक्टोबरमधली गोष्ट. न्यूयॉर्क राज्यात कॅट्सकिल डोंगरांच्या उत्तरेच्या बाजूला डरहॅम नावाचं गाव आहे. तिथली युनिस चॅपमन घराबाहेर गेली होती. परत आली तर घर सुनं. जॉर्ज, सुझन आणि ज्युलिया, तिन्ही मुलं गेली होती. त्यांच्या बापानेच नेली होती, त्यामुळे चोरीला गेली असं म्हणायचीही सोय नव्हती. कायद्याच्या लेखी मुलं त्याचीच होती.

पुढची साडेतीन वर्षं ही बाई मुलांमागे धावली. त्यात एका धर्मपंथाची झोप उडाली, एका राज्याचं विधिमंडळ दोन अधिवेशनं आपसात भांडलं आणि व्हर्जिनियात निवृत्त होऊन बसलेल्या माजी राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनलाही त्यावर पत्र लिहावंसं वाटलं. 'छळलेली आई आणि निर्दय पंथ' अशी ही गोष्ट सांगणं सोपं आहे. युनिसने स्वतः ती तशीच सांगितली आणि तशी सांगितली म्हणूनच ती जिंकली. मला मात्र कागदाची दुसरी बाजू जास्त खुणावते. कारण ज्या पंथाशी ती भांडत होती, त्या पंथाच्या सर्वोच्च जागी त्या वेळी एक बाई बसलेली होती.

नवरा-बायको

युनिस हॉली १७७८ ची, मूळची कनेक्टिकटची. १८०४ मध्ये तिचं लग्न जेम्स चॅपमनशी झालं. तो व्यापारी, बिजवर, वयाने बराच मोठा. मुलं नेली तेव्हा थोरला जॉर्ज फार तर दहा वर्षांचा असेल, मुली त्याहून लहान.

संसार बिघडला तो कुणामुळे, याची दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही छापील स्वरूपात शिल्लक आहेत. तिचं म्हणणं, नवरा दारूडा, बाहेरख्याली, हात उगारणारा. त्याचं म्हणणं, बाई तोंडाची फटकळ, तिने घरात राहणं अशक्य केलं. दोनशे वर्षांनंतर आपण निवाडा करायला बसू नये. पण एवढं खरं, की १८११ मध्ये तो बायको-मुलांना सोडून निघून गेला. ती ना धड नवऱ्याची, ना विधवा. आपल्याकडे अशा बाईला सरळ 'टाकलेली' म्हणतात. तिच्या कायद्यात या अवस्थेला धड नावही नव्हतं.

भटकत भटकत जेम्स राज्याच्या राजधानीजवळच्या, म्हणजे ऑल्बनीजवळच्या, वॉटरव्लीट इथल्या शेकर वसाहतीत पोचला. तिथे त्याची दारू सुटली, तो पंथात सामील झाला आणि मग त्याला मुलांची आठवण झाली. युनिसनेही यावं असा त्याचा आग्रह होता. ती वसाहतीत गेली, काही दिवस राहिली, सगळं बघितलं आणि नको म्हणाली. त्यानंतर आली ती ऑक्टोबरातली ती घटना.

शेकर म्हणजे कोण

या पंथाची सुरुवातच एका आईच्या दुःखापासून होते. मँचेस्टरची अॅन ली, लोहाराची मुलगी. तिला चार मुलं झाली आणि चारही लहानपणीच गेली. स्त्री-पुरुष संबंध हेच माणसाच्या पतनाचं मूळ, असा तिचा ठाम विश्वास झाला. १७७४ मध्ये आठ अनुयायांना घेऊन ती न्यूयॉर्कला उतरली. पुढे ऑल्बनीच्या वर निस्कायुना नावाच्या दलदलीच्या जागी ही मंडळी स्थिरावली; तेच हे वॉटरव्लीट. उपासनेत अंगात आल्यासारखे थरथरत, नाचत, म्हणून लोकांनी त्यांना थरथरणारे म्हणजे शेकर म्हणायला सुरुवात केली. १७८४ मध्ये अॅन ली वारली. तिची कबर त्याच जागी आहे आणि शेजारी आज ऑल्बनीचा विमानतळ आहे.

तिच्या मागे पंथाची घडी बसवली जोसेफ मीचमने. त्याने ल्यूसी राइट या बाईला आपल्या बरोबरीने नेमलं. तिचंही लग्न झालेलं होतं. नवरा-बायको दोघं पंथात आले आणि नातं संपलं. १७९६ मध्ये मीचम वारला. तेव्हापासून १८२१ मध्ये स्वतः वारेपर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षं, पंथाची सूत्रं मुख्यतः ल्यूसीकडे होती. खालच्या पातळीवरही हीच रचना. प्रत्येक 'कुटुंबा'त, आणि हे कुटुंब पन्नास-शंभर माणसांचंही असे, दोन ज्येष्ठ पुरुष आणि दोन ज्येष्ठ स्त्रिया. व्यवहार बघणारे पुरुष, तशाच स्त्रिया. बाईची तक्रार बाईकडे, पापाची कबुलीही बाईसमोरच.

ज्या देशात बाईला मत नव्हतं, बहुतेक पंथांत व्यासपीठही नव्हतं, त्या देशात हे चालू होतं. शिवाय त्या काळी अमेरिकेतल्या गोऱ्या बाईला सरासरी सात मुलं होत. दर दोन वर्षांनी बाळंतपण आणि दर बाळंतपणात मरणाची टांगती तलवार. त्यातून कायमची सुटका देणारा दरवाजा शेकर वसाहतीत होता. कित्येक बायका त्यातून आनंदाने आत गेल्या असतील, यात नवल काय?

खरं तर दरवाजे दोन होते. एक पुरुषांचा, एक बायकांचा. जिनेही दोन. १८२१ मध्ये लिहून काढलेल्या नियमांत तर स्त्री-पुरुषांनी जिन्यात एकमेकांना ओलांडून जाऊ नये असंही आहे. आठवड्यातून काही संध्याकाळी मात्र 'संयोग सभा' भरे. एका खोलीत पुरुषांच्या खुर्च्यांची एक रांग, समोर पाचेक फुटांवर बायकांची दुसरी. तासभर समोरासमोर बसून पीकपाणी, हवामान, जुन्या आठवणी असं बोलायचं, एखादं भजन म्हणायचं आणि आपापल्या जिन्याने वर जायचं.

समानता म्हणावी तर कामं मात्र जुनीच वाटलेली होती. पुरुष शेतावर, सुतारकामात, बियाण्यांच्या व्यापारात. बायका स्वयंपाकात, धुण्यात, चरख्यावर आणि मागावर. इतकंच काय, प्रत्येक भावासाठी एक बहीण नेमलेली असे. त्याचे कपडे धुणं, फाटलं-तुटलं शिवणं तिच्याकडे. नवरा सुटला, नवऱ्याचे मोजे नाही सुटले. हे मी थट्टेने म्हणतो आहे, पण ते पूर्ण अन्यायाचं होणार नाही: शेकर बाईला हुकूम देणारी ज्येष्ठ बाईच असे आणि त्या हुकुमाला वजन होतं. अधिकाराची वाटणी नवी होती, कष्टांची जुनी.

ब्रह्मचर्य पाळणाऱ्या पंथाला मुलं कुठून मिळणार? बाहेरूनच. अनाथ यायची, गरिबांनी ठेवलेली यायची आणि सामील होणारे आईबाप आपली घेऊन यायचे. वडील कागदावर सही करत आणि मूल सज्ञान होईपर्यंत पंथाच्या हवाली होई. मग ते वेगळ्या घरात, नेमलेल्या सांभाळणाऱ्यांकडे वाढे. तिथे 'माझं मूल' ही भाषाच चालत नसे. अॅन ली सगळ्यांची आई, बाकी सगळी भावंडं.

कायद्याची कोंडी

आता युनिसची अडचण. इंग्रजी कायद्यातून अमेरिकेने उचललेल्या तत्त्वाप्रमाणे लग्न झालं की नवरा-बायको कायद्याने एक व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. याला कव्हर्चर म्हणत. बाईची कमाई नवऱ्याची, तिला स्वतःच्या नावाने दावा लावता येत नाही, आणि मुलांचा ताबा बापाचा. आईला मुलांकडून आदर मागता येई, ताबा नाही.

यातून सुटायचं तर घटस्फोट. न्यूयॉर्कने १७८७ मध्ये त्याला एकच कारण मान्य केलं होतं, व्यभिचार. १८१३ च्या कायद्याने छळ झालेल्या किंवा टाकलेल्या बायकोला विभक्त राहण्याची वाट दिली, पण त्यात लग्न मोडत नसे. आणि इथे प्रकरणाला असा पीळ पडतो की कादंबरीकाराला सुचू नये. युनिसचा नवरा आता ब्रह्मचारी. तो आयुष्यभर कुठल्याही बाईला शिवणार नाही, अशी शपथ घेऊन बसलेला. जो कायदा फक्त परस्त्रीकडे गेलेल्या नवऱ्यापासून बायकोला सोडवतो, तो सगळ्याच स्त्रियांपासून दूर गेलेल्या नवऱ्यापुढे मुका होतो.

शेकरांची भूमिका कायद्याला धरूनच होती. मुलं आम्ही नेली नाहीत, ती त्यांच्या बापाबरोबर आहेत. बापाच्या हक्कात आम्ही कसे पडणार? मला वाटतं, या प्रकरणाचा सगळा रस या उत्तरात आहे. घरातलं पुरुषाचं राज्य पाप म्हणून मोडून काढणारा, देवातही आई आणि बाप दोन्ही पाहणारा पंथ, मुलांचा प्रश्न आला की बापाच्या त्याच जुन्या हक्काच्या आडोशाला उभा राहिला. ल्यूसी राइटच्या अधिकाराखालची ती वसाहत युनिसपुढे जेम्सच्या अधिकाराचा दाखला देत होती.

युनिस वसाहतीत जाऊन राहिली, रडली, भांडली. मग जेम्स मुलांना घेऊन दिसेनासा झाला. राज्याबाहेर कुठेतरी, एवढंच तिला कळलं.

ऑल्बनीच्या पायऱ्या

तिने विधिमंडळाचं दार ठोठावलं. विशिष्ट व्यक्तीसाठी खास कायदा करून लग्न मोडण्याची प्रथा इतर काही राज्यांत होती; न्यूयॉर्क त्या बाबतीत फार कडक. तिथल्या विधिमंडळाने असा घटस्फोट दिल्याचं हे जवळजवळ एकुलतं उदाहरण आहे.

युनिसने केलं ते तेव्हाच्या 'सभ्य बाई'च्या चौकटीत अजिबात बसणारं नव्हतं. १८१७ मध्ये तिने आपली कैफियत पुस्तिका म्हणून ऑल्बनीत छापून घेतली. ती आमदारांपर्यंत पोचवली, त्यांच्या गाठी घेतल्या, पुन्हा पुन्हा घेतल्या. आजच्या भाषेत सांगायचं तर तिने लॉबिंग केलं. पण लिहिताना तिने स्वतःला कधी हक्क मागणारी म्हणून उभं केलं नाही. पानोपानी दिसते ती अबला, जिचं काळीज तुटलं आहे अशी माता. घराबाहेर पडून, छापखान्यात जाऊन, पुरुषांच्या सभागृहाबाहेर ताटकळत उभं राहून तिने मागितलं काय, तर घरातली आपली जागा.

हा डावपेच होता की मनापासूनचं बोलणं? दोन्ही असावं. मुलं गेलेल्या बाईला रडण्याचं नाटक करावं लागत नाही. पण कोणत्या रडण्याला आमदार पाझरतात, हे तिला नेमकं कळत होतं. नवी शिकवण होती की पुरुषाची जागा बाहेरच्या जगात आणि बाईची घरात. घरातली पवित्र राणी ती. ठीक आहे, मग त्या राणीची मुलं कुठे आहेत? हा प्रश्न सभागृहातल्या गृहस्थांना चुकवता येत नव्हता.

शेकरांनीही आपली निवेदनं धाडली. बायकोला मारहाण करणाऱ्यांना, दारूड्यांना मुलं ठेवता येतात, मग आमच्या धर्मामुळेच आमची का काढून घ्यायची, हा त्यांच्या बाजूचा कळीचा मुद्दा होता आणि तो बिनतोड होता. कारण १८१७ मध्ये चर्चेत आलेलं विधेयक भयंकर होतं. जो शेकर होईल तो कायद्याच्या दृष्टीने मेला असं समजावं, लग्न मोडावं, मुलं आणि मालमत्ता काढून घ्यावी, असा त्याचा आशय. वर्तमानपत्रांत तो मजकूर आला आणि जेफरसनच्या वाचनात गेला. जून १८१७ मध्ये आपला जुना अर्थमंत्री अॅल्बर्ट गॅलाटिन याला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटलं, हा कायदा खरोखर झाला असेल तर धर्मांधतेच्या आणि रानटीपणाच्या अंधाऱ्या काळातच त्याला जोड सापडेल. धर्मस्वातंत्र्याच्या बाजूने त्याचं बरोबरच होतं. फक्त या कायद्यामागे कुणाचीतरी तीन मुलं हरवली आहेत, ही गोष्ट त्याच्या नजरेच्या टप्प्यात नव्हती.

विधेयक बरंच छाटलं गेलं. तरीही जानेवारी १८१८ मध्ये कौन्सिल ऑफ रिव्हिजनने, म्हणजे गव्हर्नर आणि वरिष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाने, ते परत पाठवलं. व्यभिचार शाबीत नसताना लग्न मोडायचं कसं आणि एकाच पंथाला निवडून कायदा करायचा कसा, या त्यांच्या अडचणी. मार्च १८१८ मध्ये विधिमंडळाने हे आक्षेप डावलून कायदा मंजूर केला. युनिस चॅपमनचं लग्न मोडलं. जोडीदार मुलांना घेऊन शेकरांत गेला असेल, तर मागे राहिलेल्या आईला किंवा बापाला हेबियस कॉर्पसने मूल न्यायाधीशापुढे हजर करवून घेता येईल, अशीही सोय झाली.

बारकाईने बघा, काय झालं आणि काय राहिलं. नवरा मेथडिस्ट असता, नास्तिक असता किंवा नुसताच दारूडा राहिला असता आणि मुलं घेऊन गेला असता, तर युनिसला या कायद्याचा काडीचा उपयोग नव्हता. आमदारांनी बापाच्या हक्काला हात लावला नाही. एक विचित्र पंथ समोर होता, दोष त्याच्या माथी मारता येत होता. मग स्वतःच्या घरात चालणारा कायदा तपासायची गरज कुणाला? आमच्या घरात हे होत नाही, ते नाचणारे वेडे करतात. शेकर नसते तर युनिस हरली असती, असं मला वाटतं.

मॅस्कोमा तळ्याकाठी

मुलं कुठे आहेत हे तिला कळलं ते दुसऱ्या एका बाईमुळे. न्यू हॅम्पशरमध्ये मॅस्कोमा तळ्याकाठी एनफिल्ड इथे शेकरांची वसाहत होती. तिथे मेरी डायर आणि तिचा नवरा जोसेफ १८१३ मध्ये पाच मुलांसह सामील झाले होते. १८१५ मध्ये मेरी बाहेर पडली. नवरा आणि मुलं आतच राहिली. चॅपमनांची मुलंही एनफिल्डलाच होती.

मे १८१८ मध्ये युनिस तिथे पोचली. न्यूयॉर्कचा कायदा न्यू हॅम्पशरमध्ये चालत नव्हता. चालली ती गर्दी. दोघी बाया पुढे आणि गावकरी मागे, असा जमाव वसाहतीवर गेला. झटापटीनंतर जॉर्ज युनिसच्या हाती लागला आणि ती त्याला घेऊन निघाली. मुली पुढे तिच्याकडे आल्या. साडेतीन वर्षं शेकर शिस्तीत वाढलेल्या, आईबद्दल वाईटच ऐकलेल्या मुलाला त्या दिवशी काय वाटलं असेल? कागदपत्रांत आईचा आवाज आहे, बापाचा आहे, पंथाचा आहे, न्यायाधीशांचा आहे. मुलांचा फार थोडा.

मेरी डायरचं तसं झालं नाही. ती त्याच जमावात होती, तिनेही १८१८ मध्ये पुस्तिका काढली, पुढे जाडजूड पुस्तक लिहिलं. नवऱ्याने उलट पुस्तक छापून उत्तर दिलं. १८३० मध्ये तिला घटस्फोट मिळाला. मुलं मिळाली नाहीत. ज्या शस्त्रांनी युनिस जिंकली तीच शस्त्रं मेरीने पन्नास वर्षं परजली. फरक शोधायला गेलं तर बराचसा एवढाच निघतो, की मेरी आधी स्वखुशीने आत गेली होती. आत पाऊल टाकलेल्या आईचं रडणं लोकांना तितकंसं निर्मळ वाटलं नाही.

त्याच न्यूयॉर्क राज्यात त्या काळात काय काय चाललं होतं ते आठवलं की शेकर एकटे वाटत नाहीत. जेमायमा विल्किन्सन स्वतःला बाईही नाही आणि पुरुषही नाही, फक्त 'सर्वांचा मित्र' म्हणवत वसाहत चालवत होती. ती १८१९ मध्ये वारली. १८३० नंतर मॅथायस नावाने वावरणाऱ्या रॉबर्ट मॅथ्यूजने बायकांनी पुरुषांना शिकवणं हेच पाप ठरवून आपलं 'राज्य' मांडलं. त्या घरात राबणारी इझाबेला नावाची, गुलामीतून सुटलेली बाई पुढे गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलणारी सोजर्नर ट्रूथ म्हणून देशभर ओळखली गेली. बाजार, गिरण्या आणि कालवे यांनी जुनं शेतकरी घर उसवत चाललं होतं. घरात कुणाचं चालायचं, हा प्रश्न उघडा पडला होता आणि जो तो प्रेषित त्याला आपल्या परीने उत्तर देत होता. कुणी बापाला आणखी वर चढवत होता, कुणी घरच मोडत होता.

आईला मुलांच्या पालकत्वात कायद्याने वाटा मिळावा, हे न्यूयॉर्कमध्ये व्हायला १८६० उजाडलं. त्याआधी १८४८ मध्ये सेनेका फॉल्सच्या स्त्रीहक्क परिषदेतल्या जाहीरनाम्यात घटस्फोट आणि मुलांचा ताबा या तक्रारी स्पष्ट नोंदवल्या गेल्या, पण तिथे जमलेल्या बायका हक्क या शब्दाने बोलत होत्या. युनिस त्यांच्यात नव्हती.

ती १८६३ मध्ये वारली. त्याच वर्षी जुलैत एनफिल्डला एक माणूस वसाहतीत आला. थॉमस वियर त्याचं नाव. यादवी युद्धावर जाताना त्याने आपल्या मुली शेकरांकडे ठेवल्या होत्या आणि आता त्याला त्या परत हव्या होत्या. मिळेनात, म्हणून त्याने पंथाच्या विश्वस्तावर गोळी झाडली. विश्वस्त त्यातून वाचला नाही. त्याचं नाव केलेब डायर. तेराव्या वर्षी आईवडिलांबरोबर वसाहतीत आलेला, आई बाहेर पडल्यावरही तिथेच राहिलेला मेरीचा थोरला मुलगा. मेरी तेव्हा हयात होती.